एका घरात दोन ओब्राद

अरे, नुसतं ऐक. मध्ये 'असं कुठं असतं काय' म्हणायचं नाही. शेवटी मी तुला एक गोष्ट विचारणार आहे, तेव्हा काय बोलायचं ते बोल.

ड्रेनोवा गावाच्या चौकात, बस थांबते ना, तिथंच तीन पुतळे आहेत. छातीपर्यंतचे. तिघांच्याही खाली एकच नाव. ओब्राद वेलिच, ओब्राद वेलिच, ओब्राद वेलिच. परगावचा माणूस उतरला की हसतोच. म्हणतो, तुमच्या शिल्पकाराला दुसरं नाव लिहिताच येत नव्हतं वाटतं! पण ती तीन वेगळी माणसं, आणि तिघंही आपापल्या जागी एवढी मोठी की शाळेत बाईंनी "ओब्राद वेलिच कोण?" असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "कुठला, बाई?"

पहिला तोफवाला. तुर्कांविरुद्ध उठाव झाला तेव्हा ह्यानं चेरीचं खोड पोखरून तोफ बनवली, आणि ती उडाली रे, खरंच उडाली. शेवटच्या वेळी त्याला घेऊन उडाली, ते सोड. दुसरा डॉक्टर. पहिल्या महायुद्धात टायफसनं माणसं माश्यांसारखी पटापट मरत होती तेव्हा ह्यानं अख्खं खोरं वाचवलं, आणि साथ ओसरल्यावर सगळ्यात शेवटी स्वतः गेला. आणि तिसरा ट्रम्पेटवाला. त्याचं ट्रम्पेट ऐकून लग्नातल्या नवऱ्या नवरदेवाला सोडून त्याच्याकडे बघत राहायच्या म्हणे.

तिघंही एकाच घरातले. आणि ड्रेनोवात प्रत्येक जण तुला हेही सांगेल, की डॉक्टर लहानपणी कोंबडी कापताना बघून बेशुद्ध पडायचा. मग एकदा तापात त्याला भाजलेल्या हातांचा माणूस उशाशी बसलेला दिसला, आणि उठला तो पोरगा निराळाच. ट्रम्पेटवाल्याला तर दमा होता. त्याला चुन्याच्या पाण्यात हात धुणारा माणूस दिसला. मेलेला ओब्राद आपल्याजवळचं जे काही असेल ते पुढच्या ओब्रादला देऊन टाकतो, असं आहे ते. म्हणून वेलिचांच्या घरात ते नाव ठेवतात, पण आधीचा गेल्यावरच. तो जिवंत असताना कधीच नाही. एका घरात एका नावाची दोन जिवंत माणसं म्हणजे माणसं दोन आणि आयुष्य एक.

आणि नेमकी तिथंच चूक झाली.

ट्रम्पेटवाला जर्मनीत गेला होता वाजवायला. तिथं हॉटेलला आग लागली, आणि ओब्राद वेलिच त्यात जळून मेला अशी खबर गावात आली. गावानं रीतसर सगळं केलं. मोकळ्या खड्ड्यावर क्रूस उभा केला, मरणाच्या चाळीसाव्या दिवशी शिजवलेले गोड गहू वाटले, चौकात तिसरा पुतळा बसवला, खाली जन्माचं आणि मरणाचं साल कोरलं. पुढं काही वर्षांनी वेलिचांच्या घरात मुलगा झाला. त्याचे आईबाप पुढं अपघातात गेले, पोराला वाढवलं ते त्याच्या स्मिल्या आत्यानं. बारशाला नाव काय ठेवायचं ह्याची चर्चासुद्धा झाली नाही. ओब्राद!

आणि पोरगा नऊ वर्षांचा असताना दुपारच्या बसमधून एक म्हातारा उतरला. हातात ट्रम्पेटची पेटी. तो आपल्याच पुतळ्यासमोर उभा राहिला, खालचं मरणाचं साल वाचलं, मग डोक्यावरची हॅट काढून त्या दगडी डोक्यावर अडकवली आणि म्हणाला, "नाक चुकलंय."

आग लागली तेव्हा तो त्या हॉटेलात नव्हताच. कुणाच्या तरी घरी होता, आणि ते घर कुणाचं हे त्या घरच्या नवऱ्यासमोर सांगण्यासारखं नव्हतं. मेलो असं समजले तर बरंच, म्हणून गप्प बसला. बसला तो बसलाच.

स्मिल्या आत्याच्या हातातलं ताट खाली पडलं. भीती त्याची नव्हती वाटली तिला. तो दारात उभा राहून पोराला विचारत होता, "तुझं नाव काय रे, बाळ?"

"ओब्राद वेलिच."

"अस्सं? माझंही."

आत्या त्याच दिवशी पाद्रीबाबांकडे धावली, म्हणाली, नाव बदला. पाद्रीबाबा म्हणाले, "बाई, बाप्तिस्म्याचं पाणी काय परत भांड्यात भरता येतं?" म्हणून मग घरात एक थोरला ओब्राद आणि एक धाकटा. गावानं पुतळ्याखालचं साल छिन्नीनं घासून काढलं. म्हातारा मात्र रोज चौकात आला की हॅट पुतळ्याच्या डोक्यावर अडकवायचा आणि मगच कॉफीला बसायचा. बघायचासुद्धा नाही. हात आपोआप जायचा.

आता धाकट्याचं ऐक. धाकट्याला फुटबॉलमधला गोली व्हायचं होतं. आणि हाताला जणू लोणी लावलेलं! बॉल समोरून आला तरी बगलेतून निसटायचा. त्याचा जिवलग म्लाजेन, शेजारच्या घरातला, आमच्या टीमचा डावा बॅक, तो ओरडायचा, "ओब्राद, बॉल आहे तो, पाहुणा नाही! आत येऊ देऊ नकोस!" सगळं गाव हसायचं. तीन ओब्राद डोंगराएवढे, आणि चौथा हा असा.

सेंट जॉर्जच्या सणाला गावात जत्रा होती. थोरल्यानं वाजवायचं कबूल केलं होतं, मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या. त्याआधी तो पोरापाशी गेला, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कितीतरी वेळ नुसता धरून उभा राहिला. मग खुर्चीवर जाऊन बसला, ट्रम्पेट ओठांना लावलं, आणि नुसती हवा. स्सss. लोकांना वाटलं गंमत करतोय. त्यानं पुन्हा फुंकलं. हवाच. त्यानं ट्रम्पेट पेटीत ठेवलं, पेटी बंद केली, आणि पुन्हा कधी उघडली नाही.

त्याच दुपारी धाकट्यानं शेजारच्या गावाविरुद्ध पेनल्टी अडवली.

ती कशी अडवली हे त्यानं फक्त म्लाजेनला सांगितलं. ट्रम्पेटला तीन कळा असतात बघ, उजव्या हाताच्या तीन बोटांनी दाबायच्या. समोरचा बॉल मारायला धावत आला की धाकट्याची ती तीन बोटं आपली आपण हलायची. पहिलं दाबलं गेलं की बॉल डावीकडे. तिसरं दाबलं गेलं की उजवीकडे. मधलं म्हणजे सरळ वर. त्याला फक्त तिकडं जायचं असायचं. आणि गोलच्या मागं, जाळीपलीकडं, थोरला बसलेला असायचा. मांडीवर हात. आणि मांडीवर तीच तीन बोटं हलत.

म्लाजेन म्हणाला, "च्यायला! मला पण असा एक म्हातारा मिळवून दे."

असं करत करत धाकटा एकोणीस वर्षांचा झाला. गोलमध्ये भिंत. बेलग्रेडच्या एका मोठ्या क्लबचा माणूस येऊन बघून गेला, म्हणाला, रविवारी चाचणीला ये. त्याला लहानपणापासून दुसरं काही म्हणजे काहीच नको होतं. आणि त्याच आठवड्यात थोरला अंथरुणाला खिळला.

आत्या अंगणात लाल मिरच्या भाजत होती, हिवाळ्याची तयारी. घरभर तो जळका गोड वास. धाकटा उशाशी बसला होता. थोरल्यानं डोळे उघडले.

"आत्या तुला सोडवून घ्यायला लावेल," तो म्हणाला.

"कशातनं, आजोबा?"

"माझ्यातनं. घेऊ नकोस सोडवून. सोडवून घेतलंस तर माझं जे आहे ते मी घेऊन जाईन. मला ठेवायचं असलं तरी ठेवता येणार नाही."

"आणि नाही घेतलं तर?"

म्हातारा हसला. रजईवर त्याची तीन बोटं हलत होती. "तर आपण दोघं मिळून बेलग्रेडला जाऊ," तो म्हणाला. एवढंच. संध्याकाळच्या आत गेला.

आता धाकट्याला काय वाटलं असेल बघ. म्हातारा गेला, डोळे मिटले, हात छातीवर बांधले. आणि ह्याच्या उजव्या हाताची तीन बोटं हलायची थांबली नाहीत. खिशात घातला हात, तर खिशात हलतायत.

आत्यानं शेजाऱ्याकडून घोड्याची बेडी आणली. घोडं चोरीला जाऊ नये म्हणून दोन पायांत अडकवून कुलूप लावतात ना, ती जुनी लोखंडी. आपल्याकडं एका नावाच्या दोघांपैकी एक गेला की जे करतात ते तुला ऐकून माहीत असेल, पण बघितलं नसशील. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी जिवंत माणसाचा एक पाय आणि मेलेल्याचा एक पाय त्या बेडीत घालतात. कुलूप लावतात. मग जिवंत माणसानं आपल्या भरवशाच्या माणसाला, देवाला साक्षी ठेवून भाऊ मानून, तीन हाका मारायच्या, "देवाघरच्या भावा, सोडव मला!" तिसऱ्या हाकेला तो म्हणतो, "सोडवतो," आणि किल्ली फिरवतो. झालं. मेलेला मोकळा, जिवंत मोकळा, आणि ते दोघं जन्माचे भाऊ. नाही केलं, तर चाळीस दिवसांच्या आत गेलेला दुसऱ्याला ओढून नेतो.

भरवशाचा माणूस म्हणजे म्लाजेनच. आत्यानं किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि डोळे वटारून म्हणाली, "तिसरी हाक कानावर पडेपर्यंत किल्ली कुलपाला लावायची नाही. कळलं? काही झालं तरी."

"आणि लावली तर, आत्या?"

"तर त्याच्या पायातलं तुझ्या पायात. बोलावल्याशिवाय जो सोडवतो त्याला ते फुकट मिळतं."

"बापरे! फुकटचं मी घेतो, पण हे नको," म्लाजेन म्हणाला. आत्यानं त्याच्या पाठीत रट्टा घातला.

अंगणात सगळं गाव होतं. ऊन स्वच्छ, मिरच्यांच्या माळा भिंतीवर. धाकट्याचा डावा पाय पेटीच्या काठावर ठेवला, बेडी अडकवली, कुलूप खट्‌ करून लागलं. म्हाताऱ्याचा पाय लाकडासारखा. पण लोखंड ऊबदार होतं रे. आत्ताच कुणाच्या तरी खिशातनं काढल्यासारखं.

"मार हाक," आत्या म्हणाली.

"देवाघरच्या भावा, सोडव मला!"

त्याचं पहिलं बोट हलायचं थांबलं.

त्याला कळलं. तेवढ्यात कळलं. म्हातारा खोटं बोलला नव्हता.

"देवाघरच्या भावा, सोडव मला!"

मधलं बोट गेलं. मेल्यासारखं लोंबायला लागलं. आता एकच उरलं होतं, तिसरं, आणि ते असं काही थरथरत होतं, पिंजऱ्यातल्या पाखरासारखं. आणि रविवारी चाचणी. आणि त्याला आठवलं, ह्याआधी तो काय होता. बॉल म्हणजे पाहुणा.

तो गप्प राहिला.

"ओब्राद!" आत्या ओरडली. "तिसरी! तिसरी मार!"

तोंड मिटलेलं. पाद्रीबाबा थांबले. बायका रडायच्या थांबल्या. ओब्रादनं पेटीत बघितलं, आणि म्हाताऱ्याची छातीवरची बोटं, बांधलेली, मेणासारखी, त्यातलं एक दाबलं गेलं. आणि दाबलेलंच राहिलं. शपथ.

म्लाजेनला वाटलं, भीतीनं ह्याची दातखीळ बसली. त्यानं आपल्या मित्राचा पांढराफटक चेहरा बघितला, आणि मागचापुढचा विचार न करता खाली वाकला, किल्ली घातली आणि फिरवली.

बेडी सुटली. आत्या मटकन खाली बसली. "अरे गाढवा," ती हळूच म्हणाली, "अरे माझ्या सोन्यासारख्या गाढवा."

म्हाताऱ्याला पुरलं, त्याच्याच जुन्या रिकाम्या थडग्यात. जागा तयारच होती.

रविवारी ओब्राद बेलग्रेडला गेला आणि बॉल त्याच्या बगलेतून, पायातून, डोक्यावरून आत जात राहिले. बोटं होती, पण त्यात कुणी नव्हतं. क्लबचा माणूस भला होता. म्हणाला, घरात मयत झालीय, चाळीसावा होऊ दे, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा ये. बसमधून उतरून तो सरळ म्लाजेनकडे गेला. म्लाजेन स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, चेहरा ओढलेला, आणि टेबलावर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं ताल धरत होती. टक, टक टक.

"थांबतच नाहीयेत," म्लाजेन म्हणाला. "सकाळी अंगणात पोरं खेळत होती. बॉल कुठं जाणार ते मला आधीच कळत होतं. मजा आली एक मिनिट. मग आईनं विचारलं, तू हे काय गुणगुणतोयस? मी गुणगुणत नव्हतो रे. ओब्राद, मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

तेव्हापासून म्लाजेन वाळत चालला. खोकला नाही, ताप नाही, नुसता वाळत चालला. जोक मात्र चालूच. "बघ, पँट ढिली झाली, आता थोरल्याची घालतो." ओब्राद हसायचा, पण नजर चुकवून. कारण म्लाजेन दर वेळी म्हणायचा, "बरं झालं मी किल्ली फिरवली. तू घाबरला होतास ना, मला दिसलं." आणि ओब्राद म्हणायचा, "हो." दर वेळी. हो.

चाळीसाव्याच्या आदल्या दिवशी आत्यानं दोघांना बोलावलं. बेडी टेबलावर ठेवली, शेजारी किल्ली.

"एकच वाट आहे," ती म्हणाली. "म्लाजेननं थडग्याच्या क्रूसाला पाय बांधून हाक मारायची. पण दुसऱ्या कुणाला मारून उपयोग नाही. ज्याचं होतं त्यालाच. ओब्रादनं 'सोडवतो' म्हणून किल्ली फिरवली तर ते परत ओब्रादकडे येईल." ती म्लाजेनकडे वळली. "म्लाजेन, तुझ्या आईसमोर मला रोज उभं राहायचंय. म्हणून सांगितलं. ओब्राद, काय करायचं ते तू बघ. मी तुला काही सांगणार नाही. मला सांगताच येणार नाही."

"आणि मग ओब्रादचं काय?" म्लाजेननं विचारलं.

"मग त्यानं लगेच तिथंच तुला हाक मारायची. तीन. नीट, पूर्ण. ह्या वेळी."

"एवढंच? मग चला की! जाताना मी बांधलेला, येताना दोघं मोकळे!"

दुपारी दोघंच दफनभूमीत गेले. धुकं खाली उतरलं होतं, ओल्या पानांचा वास. म्लाजेननं पाय बांधून घेतला आणि हाका मारल्या. पहिल्या दोन त्यानं विनोदी आवाजात मारल्या, जत्रेतल्या फेरीवाल्यासारख्या. तिसरीला आवाज चिरकला. "देवाघरच्या भावा, सोडव मला."

ओब्रादच्या हातात किल्ली. तो थांबला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. म्हणाला, "सोडवतो," आणि फिरवली. तेवढ्यात त्याच्या उजव्या हातात तीन बोटं जागी झाली. टक, टक टक. आणि त्याला काय वाटलं माहितीये? आनंद. असा आनंद, की त्याचं त्यालाच कळेना, आपण हे मित्रासाठी केलं की बोटांसाठी.

म्लाजेन त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. "भाऊ! आता तू. लवकर. दे तो पाय इकडं."

बेडी ओब्रादच्या पायात. दुसरं टोक क्रूसाला. म्लाजेन किल्ली घेऊन गुडघ्यावर बसला, तोंडभर हसत.

"देवाघरच्या भावा, सोडव मला."

पहिलं बोट गेलं.

"देवाघरच्या भावा, सोडव मला."

मधलं गेलं.

"शाब्बास! आता तिसरी."

ओब्राद क्रूसाकडे बघत होता. परवा चाचणी होती, आणि क्लबवाल्यानं स्पष्ट सांगितलं होतं, ही शेवटची.

"ओब्राद. तिसरी."

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

आणि मग म्लाजेनचं हसू हळूहळू उतरलं. तो त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, कारण हा चेहरा त्यानं आधी एकदा बघितला होता. पेटीपाशी.

"तू तेव्हा घाबरला नव्हतास," म्लाजेन म्हणाला.

ओब्रादनं नजर क्रूसावरच ठेवली.

"मी चाळीस दिवस मरत होतो, आणि तू घाबरलाच नव्हतास."

"म्लाजेन, मला थोडा वेळ दे. रविवार होऊ दे फक्त. सोमवारी मी स्वतः..."

"उद्या चाळीसावा आहे, गाढवा! सोमवार कुठला?" म्लाजेन उठला. किल्लीकडे बघितलं, बेडीकडे बघितलं. हात एकदा पुढं गेलासुद्धा. दोन हाका झाल्या होत्या, एकच कमी होती, आणि न बोलावता सोडवलं तर काय होतं हे आता त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. "मार ना रे," तो म्हणाला, अगदी हळू. "एक हाक. मी इथंच उभा आहे."

तो किती वेळ उभा राहिला कोण जाणे. धुकं दाटलं. शेवटी त्यानं किल्ली ओब्रादच्या हाताला लागेल अशी क्रूसाच्या पायथ्याशी ठेवली आणि निघाला. फाटकापर्यंत मागं वळून कान देत होता, म्हणे. हाक आली नाही. फाटकाबाहेर पडल्यावर त्याला मागून ट्रम्पेट ऐकू आलं. एकच सूर, लांबलचक.

चाळीसावा गेला. काही झालं नाही. ओब्राद स्वतःच कुलूप उघडून घरी आला होता, गहू खाल्ले, झोपला, उठला. आत्यानं देवाचे आभार मानले. रविवारी बेलग्रेडला ओब्राद वेलिच गोलमध्ये उभा राहिला आणि एकही बॉल आत गेला नाही, एकही नाही, तिथले लोक नुसते आ वासून बघत होते. क्लबनं त्याला घेतलं.

सोमवारी दुपारच्या बसनं तो परत आला. सगळं गाव चौकात. पोरं ओरडतायत, कुणी राकिया दारूची बाटली फोडलीय. आत्या पुढं धावली. आणि ओब्राद बसमधून उतरला, गर्दीकडे न बघता चालत पुढं गेला, डोक्यावरची टोपी काढली आणि तिसऱ्या पुतळ्याच्या डोक्यावर अडकवली. बघितलंसुद्धा नाही. हात आपोआप गेला.

चौक गप्प झाला रे. सगळा चौक.

आत्या तशीच थिजून उभी. मग तिनं धीर केला, जवळ गेली, म्हणाली, "बाळ, भूक लागली असेल. काय करू जेवायला?"

शिळ्या पावाची ती गिळगिळीत दुधातली पेज असते ना, पोपारा, दात पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी करतात ती? धाकट्याला लहानपणापासून त्याचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. थोरला रोज तेच खायचा.

"पोपारा कर, स्मिल्या," तो म्हणाला.

नुसतं स्मिल्या. आत्या नाही.

आणि गर्दीच्या मागं म्लाजेन उभा होता. ओब्रादची नजर त्याच्यावरून गेली, जशी कुठल्याही परक्या पोरावरून जाते, आणि पुढं सरकली. म्लाजेन अजून रोज दफनभूमीत जातो. क्रूसाच्या पायथ्याशी बसतो. म्हणतो, कुणी तरी खालून हाक मारतंय, तिसरी, पण अर्धीच येते वर.

आता बोल. दोन हाका झाल्या होत्या, किल्ली तुझ्या हातात होती, आणि समोरचा तुझा जिवलग तोंड मिटून उभा होता. तू काय केलं असतंस?